फोन नसलेल्यांचं मत: एका गटग्रामपंचायतीच्या पॅनेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातली ही गटग्रामपंचायत. मुख्य गाव, त्याला लागून खालच्या अंगाची वस्ती, दोनेक किलोमीटरवर बंजारा तांडा आणि तांड्याच्याही पुढे, नाल्याच्या चढावर कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा. जमीन काळी, पीक पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. गावाचं नाव आणि माणसं ओळखू येतील अशा खुणा मी गाळल्या आहेत. मी ज्या छोट्या संस्थेत काम करते, ती ग्रामपंचायतींना विकास आराखडा तयार करायला मदत करते.

2023 च्या ऑगस्टमध्ये सरपंचताईंनी आम्हाला बोलावलं. ग्रामसभेत दर वेळी तेच पंधरा-वीस जण बोलतात, हे त्यांचं दुखणं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी गोळा करता करता सचिवांच्या नाकी नऊ येतात, आणि जमली तरी बाया मागे पदर घेऊन बसतात, सही करतात, निघून जातात. "आता घरोघरी मोबाइल हाय. मोबाइलवरच विचारून टाकू ना सगळ्याइले," ताई म्हणाल्या.

विचारायचं होतं ते 2024-25 च्या आराखड्याबद्दल. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून आधी काय करायचं? पांदण रस्त्यावर मुरूम टाकायचा, तांड्यापर्यंत नळाची लाइन न्यायची, खालच्या वस्तीत नाल्या बांधायच्या, अंगणवाडीचं छप्पर, पथदिवे, की स्मशानशेड?

पहिला फॉर्म आणि त्याचा निकाल

घाई आमचीच. एका संध्याकाळी फुकट मिळणारा ऑनलाइन फॉर्म बनवला, सहा कामांची यादी दिली, "यांपैकी सर्वात महत्त्वाचं काम निवडा" असं लिहिलं आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. चार दिवसांत दोनशेच्या वर उत्तरं आली. पांदण रस्ता मोठ्या फरकानं पहिला. ताई खूश, सचिव खूश. खरं सांगायचं तर आम्हीही खूश होतो.

पाचव्या दिवशी मी उत्तरांची शीट उघडून ओळ न् ओळ वाचली. दर दहात नऊ पुरुष. पोडातून एकही उत्तर नाही. तांड्यातून मोजकी, तीही तरुण पोरांची. एका दुपारी वीस मिनिटांच्या आत अठरा उत्तरं आलेली, सगळ्यांची निवड एकच. चौकशी केली तेव्हा कळलं, झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या पोरांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं घालून फॉर्म भरले होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, गावाला मदत करतोय असंच त्यांना वाटत होतं. एका माणसाला एकच उत्तर देता येईल अशी सोय फॉर्ममध्ये होती, पण त्यासाठी ईमेलनं लॉगिन करावं लागतं आणि निम्म्या गावाला स्वतःचा पासवर्ड माहीत नसतो. म्हणून ती सोय आम्हीच बंद ठेवली होती.

शिवाय पांदण रस्ता यादीत पहिला होता. डोळ्यांनी वाचताना माणूस वरचा पर्याय उचलतो, आणि कोणी वाचून दाखवलं तर शेवटचा लक्षात राहतो. सर्वेक्षणातली ही जुनी, माहितीची गोष्ट. तरी आम्ही ती विसरलो.

सगळ्यात मोठी चूक प्रश्नातच होती, आणि ती सचिवांनी दाखवून दिली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित होता: तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता याच कामांवर खर्च करावा लागायचा. उरलेला 40 टक्के अबंधित. म्हणजे नळाची लाइन आणि पांदण रस्ता एकाच थैलीतून होतच नव्हते. आम्ही मात्र लोकांना पाणी की रस्ता असं विचारून बसलो होतो. दोनशे लोकांना, त्यांच्या हातात नसलेली निवड करायला लावली होती.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात चावडीवर दोन बैठका झाल्या. ग्रुपवर पुन्हा लिंक टाकायची, फॉर्म नीट करायचा आणि आठवडाभर जास्त चालवायचा, हा सर्वात सोपा मार्ग. पण फोन ज्यांच्या हातात आहे त्यांचंच मत पुन्हा, जरा जास्त संख्येनं आलं असतं. काही सदस्य म्हणाले, हे सगळं सोडा, ग्रामसभाच भरवा, कायद्यानं निर्णय तिचाच आहे. हे खरंच होतं. आमच्या मनात होतं पॅनेल: गावातली ठरावीक माणसं निवडायची आणि त्यांनाच पुन्हा पुन्हा विचारायचं. म्हणून तेव्हाच ठरलं, पॅनेल काहीही म्हणो, ठराव ग्रामसभेचाच होईल. पॅनेलनं तिच्यासमोर गावाचं खरं चित्र ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

मग सॉफ्टवेअरचा प्रश्न. लाइमसर्व्हे आम्ही आधी वापरलं होतं. मुक्त स्रोताचं, स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, प्रत्येक सहभागी माणसाला वेगळा टोकन, म्हणजे ओळखीचा संकेत, देता येतो, एका टोकनावर एकच उत्तर. उत्तरं निनावी ठेवायची असा पर्याय निवडला तर टोकनांची यादी आणि उत्तरं यांचा धागा तुटतो. सर्वेक्षण एकदा सुरू केलं की हा पर्याय बदलता येत नाही, त्यामुळे आधीच ठरवावं लागतं. पण त्याचा खरा उपयोग इंटरनेट असलेल्या ठिकाणी. पोडात दुपारी झाडाखाली एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच रेंज येते.

दुसरं कोबोटूलबॉक्स. हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातून पुढे आलेलं हे साधन आपत्तीग्रस्त भागांत माहिती गोळा करण्यासाठी जगभर वापरलं जातं. फॉर्म एक्सेलच्या तक्त्यात लिहायचा, अँड्रॉइड ॲपवर उतरवायचा, रेंज नसताना भरायचा आणि रेंज आली की पाठवायचा. प्रत्येक प्रश्नाला चित्र जोडता येतं, आवाजाची फाइल जोडता येते, पर्यायांचा क्रम दर वेळी आपोआप बदलता येतो. एक तोटा होता: उत्तर देणारी व्यक्ती स्वतः फॉर्म भरणार नाही, स्वयंसेवक भरणार. म्हणजे मत सांगताना समोर गावातलंच कोणीतरी बसलेलं असणार.

रेकॉर्ड केलेल्या आवाजात प्रश्न विचारणारे आपोआप येणारे फोन हाही मुद्दा निघाला. पण फोन घरातल्या पुरुषाकडे असतो, आणि तो दिवसा त्याच्याबरोबर वावरात असतो. त्यामुळे तो पर्याय सोडला.

शेवटी ठरलं ते असं: कोबोचा ऑफलाइन फॉर्म, आणि उत्तर देणारे सोडतीनं निवडायचे.

सोडत

मतदार यादीतून माणसं कशी निवडायची, यावर आमच्या मनात संगणकाचा यादृच्छिक क्रम होता. तो कोणाला पटला नसता. सोडत मात्र गावाला चांगलीच ठाऊक. प्रभागांचं आरक्षण निघतं तेव्हा शाळेतलं एखादं पोर चिठ्ठी काढतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून चावडीवर घमेली मांडली, प्रत्येक प्रभागाची स्त्री-पुरुष अशी वेगळी, यादीतले अनुक्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि तिसरीतल्या एका मुलीनं हात घातला. चार प्रभाग, प्रत्येकी 12 बाया आणि 12 पुरुष. शिवाय आजारपण, स्थलांतर यासाठी राखीव नावं.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. तांडा आणि पोड दोन्ही चौथ्या प्रभागात. निव्वळ सोडतीनं पोडातली एक-दोन माणसंच आली असती, एकही आली नसती असंही होऊ शकलं असतं. म्हणून पोडासाठी वेगळ्या 8 जागा ठेवल्या. पॅनेल 104 जणांचं झालं. यामुळे पोडाचं वजन त्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झालं, आणि सगळ्या गावाची एकत्र बेरीज करताना भारांक लावून ते कमी करणं भाग होतं. आम्ही भारांक न लावता प्रत्येक वस्तीचे आकडे वेगळे दाखवायचं ठरवलं. लोकांना समजायला ते सोपं वाटलं. पुढे त्यातूनच मोठी चूक घडली, ती खाली सांगते.

मतदार यादीची मर्यादाही तेव्हाच दिसली. अठराच्या खालची पोरं नाहीत, नव्यानं सासरी आलेल्या कित्येक सुनांची नावं अजून माहेरच्या गावी. अशा सुनांना राखीव यादीत घ्यायचा प्रस्ताव होता, पण तो बैठकीत मागे पडला.

प्रश्न बदलले

पहिली फेरी सप्टेंबरच्या शेवटी, कापूस वेचणी सुरू व्हायच्या आधी. आधी तांड्यात दोन घरी फॉर्म तपासून पाहिला. प्रश्न होता: "पाणीपुरवठ्याबाबत तुम्ही किती समाधानी आहात?" आणि खाली अत्यंत समाधानीपासून अत्यंत असमाधानीपर्यंत पाच पायऱ्या. ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "हाव, बरं हाय." स्वयंसेवकानं "समाधानी" दाबलं. तेवढ्यात त्यांची नात डोक्यावर पाण्याचा गुंड, काखेत कळशी घेऊन आली. हातपंपाहून. मी विचारलं, नळ कधी येतो? "चवथ्या रोजी. कधी पाचव्या."

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. बाहेरून आलेल्या माणसाला घरातलं गाऱ्हाणं लगेच सांगायचं नसतं, म्हणून त्या "बरं हाय" म्हणाल्या. मग आम्ही सगळे "समाधानी का" वाले प्रश्न काढून टाकले. त्याऐवजी: काल घरी पाणी कुठून आणलं? कोणी आणलं? किती खेपा झाल्या? शेवटचा नळ कोणत्या वारी आला? याची उत्तरं द्यायला कोणाला संकोच वाटत नाही, आणि त्यातून जे कळतं ते पाच पायऱ्यांतून कधीच कळलं नसतं. तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिथल्याच कॉलेजातल्या एका मुलीच्या आवाजात प्रश्न गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, रेकॉर्ड करून फॉर्मला जोडले. पोडासाठी कोलामीत करायचं राहून गेलं. अंगणवाडीताई बरोबर येऊन समजावून सांगत होत्या.

प्राधान्याचा प्रश्न डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत. दोन थैल्या, बंधित आणि अबंधित, वेगळ्या. प्रत्येक थैलीतली कामं चित्रांच्या कार्डांवर काढली, कार्डं जमिनीवर मांडली, आणि माणसाच्या हातात दहा चिंचोके दिले: जिथे पैसा जावा वाटतो तिथे ठेवा, हवे तितके. स्वयंसेवक प्रत्येक कार्डावरचे मोजून फॉर्ममध्ये भरायचा. बेरीज दहा झाल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही अशी अट फॉर्ममध्येच घातली होती.

चिंचोके ठेवताना माणसं विचार करतात, हे बघण्यासारखं होतं. खालच्या वस्तीतल्या एका बाईनं सहा चिंचोके नाल्यांवर ठेवले, मग दोन उचलून तांड्याच्या नळावर ठेवले. म्हणाली, "त्याइच्या पोरी लांबून आणतात." बोटावर मोजण्याइतक्या पर्यायांतून एक निवडायला लावला असता तर ते दोन चिंचोके कुठेच दिसले नसते.

कोण गळालं

पहिल्या फेरीत 104 पैकी 97 जणांनी उत्तरं दिली. दुसऱ्या फेरीत 71. कारण सोपं. विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि आपल्याकडे नेमकी त्याच काळात वेचणी. बाया सकाळी आठला वावरात जातात, दिवेलागणीला परततात, मग चूल. वेचणी किलोवर असते, त्यामुळे अर्धा तास थांबणं म्हणजे मजुरी बुडणं. तांड्यातली काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती. ज्यांना ऐकायचं म्हणून एवढा खटाटोप, त्याच या फेरीत सर्वात जास्त गळाल्या.

पहिले चार दिवस स्वयंसेवक दुपारी जात राहिले, आणि कुलूप पाहून परत येत राहिले. पाचव्या दिवशी वेळ बदलली: संध्याकाळी सात ते नऊ, आणि काही ठिकाणी वावरातच, जेवणाच्या सुट्टीत, बोरीच्या सावलीत. ऊसतोडीला गेलेल्या सहा कुटुंबांना फोन लावला आणि चिंचोक्यांऐवजी "दहा रुपये कसे वाटाल" असं विचारलं. ती उत्तरं वेगळी नोंदवली, कारण फोनवर कार्डं दिसत नाहीत आणि उत्तर देताना मागून कोणी सांगतंय का, हेही कळत नाही.

शिवाय अकरा फॉर्म एका स्वयंसेवकाच्या फोनमध्येच राहिले. फॉर्म पूर्ण करून सेव्ह केला म्हणजे तो गेला, असं त्याला वाटत होतं. पाठवा हे बटण वेगळं असतं, हे प्रशिक्षणात आम्ही एकदाच सांगितलं होतं. सुदैवानं फोन शाबूत होता.

फलक

आता ती चूक. पहिल्या फेरीचे निकाल ऑक्टोबरात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलकावर लावले. वस्ती, स्त्री की पुरुष, आणि वयोगट अशी विभागणी. शेवटी "लोकांच्या शब्दांत" म्हणून काही वाक्यं, नावाशिवाय. पोडाच्या रकान्यात, साठच्या वरच्या बाया: दोन. आणि त्या रकान्याखाली एक वाक्य: हातपंप बिघडला की पैसे दिल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

दोन दिवसांनी ग्रामपंचायतीच्या कामाशी संबंधित एक माणूस त्या दोघींपैकी एकीच्या दारात जाऊन उभा राहिला. "तूच बोलली ना?" पोडात दोनच म्हाताऱ्या पॅनेलमध्ये आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, सोडत चावडीवरच झाली होती. तिनं दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, माझं नाव काढा.

मी फलक त्याच दिवशी उतरवला आणि पोडात जाऊन तिची माफी मागितली. त्याच ऑगस्टमध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला होता, त्यावर आम्ही एक टिपण वाचलं होतं, फॉर्मच्या सुरुवातीला संमतीचा परिच्छेदही घातला होता. पण नाव न लिहिणं म्हणजे निनावी, एवढाच अर्थ आम्ही लावला. इथे गावाची सगळी माणसं एकमेकांना ओळखतात. प्रभाग, वय आणि स्त्री-पुरुष एवढं सांगितलं तरी नाव सांगितल्यासारखंच.

त्यानंतर दहापेक्षा कमी माणसं असलेला कुठलाही रकाना बाहेर दाखवायचा नाही, असं ठरलं. कोणाचं वाक्य जसंच्या तसं छापायचं नाही. तक्रारीचा मजकूर आकड्यांतून वेगळा काढून थेट सरपंचताईंकडे, वस्तीचं नाव न घेता. नावं आणि पॅनेल क्रमांक यांची वही गावाबाहेर, आमच्या कार्यालयात, फॉर्ममध्ये फक्त क्रमांक. पण पॅनेलला तीच माणसं पुन्हा पुन्हा विचारावी लागतात, म्हणून धागा पूर्ण तोडता येत नाही, आणि वही ज्याच्याकडे आहे त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागतो. ही अडचण सॉफ्टवेअर बदलून सुटली नसती.

काय निष्पन्न झालं

25 जानेवारी 2024 ला महिला सभा, 26 ला ग्रामसभा. महिला सभेत चिंचोक्यांचे आकडे कार्डांसह मांडले. बंधित थैलीत तांड्याची नळलाइन पुढे, खालच्या वस्तीच्या नाल्या मागोमाग. अबंधित थैलीत पुरुषांचे सर्वात जास्त चिंचोके पांदण रस्त्यावर, बायांचे अंगणवाडीच्या छपरावर आणि वस्तीकडे जाणाऱ्या वाटेच्या दिव्यांवर.

ग्रामसभेत पहिला आवाज अपेक्षेप्रमाणेच आला: "पांदण मागं टाकता काय? पावसाळ्यात बैलबंडी बाहेर निघत नाही, कापूस घरी कसा आणायचा?" हे म्हणणं खरंच होतं. तोडगा सचिवांनी काढला: पांदण 2021 च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून, रोजगार हमीखाली प्रस्तावित करायची, म्हणजे अबंधित निधी दिव्यांना आणि छपराला मोकळा राहतो. हा मार्ग पहिल्या दिवशीच खुला होता. पण दोन थैल्या वेगळ्या मांडल्यावर तो लोकांना दिसला. ठराव झाला, आराखडा पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला.

पुढे मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता. नवं काम सुरू करता येईना, तिसरी फेरीही लांबली. ती जुलैत घेतली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या, दिवे लागले होते, अंगणवाडीचं छप्पर झालं होतं, नळाची लाइन अंदाजपत्रकातच अडकलेली होती. पॅनेलमधल्या 58 जणांनीच उत्तरं दिली. दारोदारी एकच ऐकायला मिळालं: "मागं विचारलं, त्याचं काय झालं?" सहा महिन्यांत आम्ही कोणाला काही कळवलं नव्हतं. दिवे लागलेले त्यांना दिसत होते, पण ते आपल्याच चिंचोक्यांमुळे लागले, हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

लिंक टाकण्याआधी सचिवांसोबत एक दुपार बसावं, कोणत्या पैशावर लोकांना खरोखर ठरवता येतं हे समजून घ्यावं, आणि तेवढंच विचारावं. प्राधान्याची फेरी सप्टेंबरातच उरकावी, वेचणीच्या आणि ऊसतोडीच्या आधी, मोहिमेचं वेळापत्रक काहीही असो. कोलामीतला आवाज आधी रेकॉर्ड करावा. नव्या सुनांसाठी राखीव यादीत जागा ठेवाव्यात. बैठकीत तो प्रस्ताव मागे पडू दिला, याची खंत मला अजून आहे. स्वयंसेवक शक्यतो दुसऱ्या वस्तीतले असावेत, म्हणजे शेजाऱ्यासमोर बोलायचा दबाव थोडा कमी होतो. प्रत्येक फेरीनंतर पंधरा दिवसांत पॅनेलमधल्या प्रत्येक घरी एक कागद जावा: तुम्ही काय सांगितलं, काय ठरलं, काय अडलं आणि का. तांड्यात आणि पोडात तो वाचून दाखवावा.

पोडातल्या त्या आजींची जागा राखीव यादीतून भरायची होती. जुलैच्या फेरीआधी त्यांच्याकडे गेले, हे सांगायलाच. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग अंगणवाडीताईंकडून कळवलं, नाव राहू द्या, पण भिंतीवर काही लावायच्या आधी ते इथे आणून वाचून दाखवायचं. तेव्हापासून प्रत्येक फलकाचा कच्चा कागद आधी पोडात जातो. मागच्या वेळी त्यांनी एक रकाना काढायला लावला. आम्ही तो काढला.